डाव्या हाताचे चौदा दिवस

"डाव्या हातानं काढा," डॉक्टर म्हणाले.

टेबलावर पितळी डबा होता आणि डब्यात घड्या घातलेल्या चिठ्ठ्या. मी सवयीनं उजवा हात पुढं केला होता, तो मागं घेतला. डावा मांडीवर पडून होता. खांद्यातून हिसका देऊन मी तो टेबलावर आणला. बोटं चिठ्ठ्यांवर पडली, पण मिटेनात. शेवटी एक चिठ्ठी घामानं तळव्याला चिकटली आणि तेवढीच वर आली.

ग्रेटाबाईंनी ती सोडवली, उलगडली. "बांधायचा," त्यांनी वाचलं.

"काय बांधायचा?" आत्तींनी विचारलं. आत्ती म्हणजे माझ्या सासूबाई. आमच्या तासगावाकडं सासूला आत्तीच म्हणतात.

"चांगला हात," डॉक्टर रांगणेकर म्हणाले. "म्हणजे उजवा. चौदा दिवस."

आत्तींनी माझ्याकडं बघितलं, मग डॉक्टरांकडं. "वाईट हात बरा करायला आलोय आमी. चांगला कशापायी बांधताय?"

डॉक्टर उंच, हाडकुळे, कमी बोलणारे. पण या प्रश्नाला त्यांनी नीट उत्तर दिलं. त्यांचं संशोधन चाललं होतं. अर्धांग झालेले सोळा रुग्ण घ्यायचे. आठ जणांचा चांगला हात बांधून ठेवायचा, म्हणजे आजारी हाताला काम केल्यावाचून गत्यंतर राहत नाही. उरलेल्या आठ जणांचे दोन्ही हात मोकळे. व्यायाम सगळ्यांना सारखाच. चौदा दिवसांनी मोजायचं, कुणाचा हात किती परतला. कुणाला कुठं घालायचं हे चिठ्ठी ठरवणार, डॉक्टर नाही.

"परदेशात माकडांवर करून बघितलंय," ते म्हणाले. "चांगला हात अडकवून ठेवला की माकड निकामी हात वापरायला लागतं."

"असं व्हय," आत्ती म्हणाल्या. "आणि त्या माकडिणीला सासू हुती का वो?"

ग्रेटाबाई खो खो हसल्या. त्या वसईकडच्या, ग्रेटा डिमेलो. व्यायाम करून घेण्याचं काम त्यांचं. जाड भिंगांचा चष्मा, पांढरा झगा आणि खिशात कायम वेळ मोजायचं घड्याळ. "आता या माकडिणीला आहे ना गो," त्या म्हणाल्या. "बघूया काय फरक पडतो."

मी हसले नाही. दारात माझी थोरली जाऊ उभी होती, तिच्या खांद्यावर माझी मुलगी झोपली होती, आणि माझं सगळं लक्ष तिकडं होतं.

हे १९७८ सालच्या उन्हाळ्यातलं. मी पंचवीस वर्षांची होते. आता त्र्याहत्तरावं चालू आहे. परवाचं जेवण विसरते, पण त्या व्हरांड्यातल्या फरश्या मला एकेक करून आठवतात.

बाळंतपणानंतर अठराव्या दिवशी माहेरी माझं डोकं दुखायला लागलं. आई म्हणाली, वारं लागलं असेल. संध्याकाळी झटका आला, आणि शुद्धीवर आले तेव्हा डावं अंग माझं नव्हतं. डोक्यातल्या शिरेत रक्ताची गुठळी झाली, बाळंतिणीला असं कधी कधी होतं, असं डॉक्टरांनी सांगितलं. महिन्याभरात पाय परतला. फरफटत का होईना, चालू लागले. हात मात्र आलाच नाही. थोडा उचलायचा, थोडा वाकायचा, पण त्याला कशाची जाणीव नव्हती. ऊन की गार, ओलं की कोरडं, काही कळायचं नाही.

मग सासरी आले, आणि एक दिवस घरात कुणी नसताना बाळी झोळीत रडायला लागली. तिचं बारसं राहिलं होतं, म्हणून सगळे तिला नुसतं बाळीच म्हणत. मी दोन्ही हातांनी तिला उचललं. चार पावलं चालले. मला वाटत होतं मी तिला धरलंय. खाली बघितलं तेव्हा ती माझ्या डाव्या बाजूनं कधीच घसरली होती. पायाशी वाकळांचा ढीग होता, त्यावर ती पडली. लागलं काहीच नाही. रडलीसुद्धा नाही, नुसती बघत राहिली.

पण दारात आत्ती उभ्या होत्या.

त्या दिवसापासून बाळी अक्काकडं गेली. अक्का म्हणजे तीच थोरली जाऊ. नाव मथुरा, लग्नाला अकरा वर्षं झालेली, पोटी मूल नाही. पाजायची वेळ झाली की अक्काच बाळीला आणायची, माझ्यासमोर बसायची आणि स्वतःच्या हातांवर तिला तोलून माझ्या छातीशी धरायची. पाजून झालं की घेऊन जायची. माझं दूध आणि तिचे हात, असं दोन महिने चाललं.

मग थोरल्या भावोजींनी बैठक घेतली. आमचे हे वीज मंडळात वायरमन. भावापुढं तोंड वर करून कधी बोलले नाहीत, तसे तेव्हाही बोलले नाहीत. ठरलं ते असं. शहरात डॉक्टर नवीन उपचार करतायत म्हणे, तिथं चौदा दिवस जाऊन बघा. सूनबाईला पोर धरता येऊ लागली तर चांगलंच. नाहीतर बारशाच्या दिवशी पोर थोरलीच्या ओटीत. "बरी होईस्तोवर," असं ते म्हणाले. मी मान खाली घालून ऐकलं. त्या घरात 'होईस्तोवर' म्हणून दिलेली कुठलीच गोष्ट परत आलेली मला आठवत नव्हती.

म्हणून मी, आत्ती, अक्का आणि बाळी अशा चौघी त्या दवाखान्याच्या मागच्या खोलीत राहायला आलो. दवाखाना एका ट्रस्टचा होता. आता ती इमारतही राहिलेली नाही.

ग्रेटाबाईंनी गादीच्या जाड कापडाची पिशवी शिवली होती, उशीच्या खोळीसारखी. आम्ही तिला खोळच म्हणायचो. सकाळी उठल्यावर उजवा हात त्या खोळीत जायचा, मनगटाशी नाडी आवळायची आणि तिचे बंद कमरेमागं बांधायचे. झोपताना सोडायची. मधे फक्त संडासला जाताना.

"आणि जेवण?" आत्तींनी पहिल्याच दिवशी विचारलं.

"डाव्या हातानं."

"डाव्या हातानं?" आत्तींचा आवाज चढला. "बाई, अहो ती काय मुसळ धरायची गोष्ट हाय का? अन्न हाय. डाव्या हातानं आमच्यात कुत्र्यालाबी घालत न्हाईत."

"मग चौदा दिवस उपाशी ठेवा," ग्रेटाबाई शांतपणे म्हणाल्या. "मला चालेल. पण खोळ निघणार नाही."

आत्तींनी ताट जवळ ओढलं. मग माझ्या डाव्या हातावर तांब्यानं पाणी ओतलं, देवाला हात जोडले आणि तोंड फिरवून बसल्या. "खा," म्हणाल्या. "मी बगत न्हाई."

पहिल्या दिवशी भाताची चार शितं तोंडात गेली, बाकीची पदरात. मी रडत होते. अक्कानं माझा पदर झटकला.

दिवसभर काम चालायचं. चवळीचे दाणे एका वाटीतून दुसऱ्या वाटीत टाकायचे. पेला उचलून ठेवायचा. कडी काढायची, लावायची. ग्रेटाबाई घड्याळ बघून वेळ लिहायच्या. हाताला कळत नाही, तर डोळ्यांनी धर, हे त्यांचं सांगणं. "हातावरची नजर काढायची नाय. नजर गेली की हात गेला." आणि दुसरं, दिवसातून शंभर वेळा, "अंगठा बाहेर! अंगठा बाहेर काढ गो!" कारण माझा हात दमला की आत वळायचा. अंगठा छातीकडं यायचा, तळवा पालथा व्हायचा आणि त्यावर जे असेल ते घरंगळायचं.

पाचव्या दिवशी त्या म्हणाल्या, "आता ओझं. बाळ किती वजनाचं आहे?"

साडेचार किलोची वाळूची पिशवी त्यांनी आणली. ती दुसऱ्याच फेरीत पडून फाटली. आत्ती बघत होत्या. त्या उठून गेल्या आणि दवाखान्याच्या मुदपाकखान्यातून भला थोरला वरवंटा घेऊन आल्या. त्यावर जुनं लुगडं गुंडाळलं, वर दुपटं आणि एका टोकाला चक्क बाळीची जुनी कुंची बांधली.

"हे काय?" ग्रेटाबाईंनी विचारलं.

"बारशाला आमच्यात वरवंट्याला असाच नटवत्यात," आत्ती म्हणाल्या. "त्याला पाळण्याखालनं एकीकडनं दुसरीकडं देत्यात, मग लेकराला देत्यात. लेकराच्या आधी दगड. तुमाला वजन पायजे न्हवं?"

ग्रेटाबाईंनी गाठोडं काट्यावर ठेवलं. "चार किलो सातशे. उत्तम!"

तर असं ते गाठोडं माझ्या डाव्या हातावर आलं. कोपर अंगाशी, तळवा वर, कुंचीचं टोक माझ्या दंडाशी. व्हरांड्याच्या दारापासून पलीकडच्या बाकापर्यंत पंचवीस पावलं. ती पूर्ण झाली तर मी बाळीला धरू शकते, असं डॉक्टर लिहून देणार होते. तो कागद भावोजींना दाखवायचा होता.

पहिल्या दिवशी मी सहा पावलं गेले. धप्प. शहाबादी फरशीवर वरवंटा पडला की आवाज सबंध इमारतीत जायचा. फरशीला तडा गेला. खोलीच्या दारात अक्का बाळीला घेऊन उभी असायची. आवाज झाला की बाळी तिच्या खांद्यावर दचकायची, दोन्ही मुठी उघडायची. ते मला दिसायचं. दर वेळी मला वाटायचं, ही पडली असती. आत्ता पडलं ते ही असती.

मग नऊ पावलं. मग अकरा. बारा. दहाव्या दिवशी तेरा, आणि तिथं गाडं अडलं. तेरा, बारा, तेरा. फरशीला पाच तडे गेले होते आणि प्रत्येक तडा मला पाठ होता. त्यांच्याजवळ आले की हात आत वळायचा.

"तू घाबरतेस तिथं," ग्रेटाबाई म्हणाल्या.

"मी कुठं घाबरत नाही ते सांगा."

बाराव्या दिवशी दुपारी अक्का बाळीला पाजायला घेऊन आली. माझी खोळ बांधलेली होती. अक्का माझ्यासमोर पाय पसरून बसली, तिचे गुडघे माझ्या गुडघ्यांना टेकले. बाळी चुटुचुटु पीत होती.

"झोपंत हसती ही," अक्का म्हणाली. "काल दोनदा हसली."

बाळीनं मधेच डोळे उघडले, पुन्हा मिटले.

"नाव काय ठेवावं म्हणतीस?"

"तुम्हीच ठेवा," मी म्हणाले. "तुमच्याच ओटीत जाणारंय ती."

अक्कानं वर बघितलं. तिचे डोळे मोठे होते, खालची पापणी कायम काळसर. "मी कुणाकडं मागितली न्हाई," ती म्हणाली.

"नको पण म्हणाला नाहीत."

बाळीचं पिऊन झालं. अक्कानं तिला खांद्यावर घेतलं, पाठ थोपटली. "न्हाई," ती म्हणाली. "नको म्हनाय तोंड उघडलं न्हाई माझं. खोटं कशाला बोलू?" आणि उठून गेली.

त्या संध्याकाळी मी ग्रेटाबाईंच्या मागं लागले. त्या वही भरत होत्या. "बाई, पंचवीस लिहा ना. एवढंच लिहा. घरी गेल्यावर मी हळूहळू करीन. कुणाला कळणार आहे?"

त्यांनी चष्मा काढून पुसला. त्यांना माझी दया येत होती हे दिसत होतं, आणि म्हणून मला जास्त भीती वाटली.

"शालन, मी पंचवीस लिहिले, आणि उद्या तू ती घरी पाडलीस तर?"

मी खोलीच्या दाराकडं बघितलं.

"आणि दुसरं. हा कागद वाचून डॉक्टर ठरवणार, पुढच्या बाईचा हात बांधायचा की नाय. खोटं लिहून तिचा हात का बांधू मी? तेरा झाले. तेरा लिहिणार."

"दोन दिवस राहिलेत."

"ठाऊक आहे गो," त्या म्हणाल्या.

तेराव्या दिवशी भावोजींची तार आली. उद्या दुपारी गाडी घेऊन येतोय, आवरून ठेवा. आत्तींनी मजकूर ऐकला आणि तारवाल्याला पाणी दिलं.

चारच्या सुमाराला ग्रेटाबाईंना डॉक्टरांनी वॉर्डात बोलावून घेतलं. व्हरांडा रिकामा होता. ऊन खाली आलं होतं, फरश्या तापलेल्या. मी बाकावर बसून चवळीचे दाणे टाकत होते.

"चल," आत्ती म्हणाल्या. "ती यीस्तोवर एक फेरी मारू."

"त्या आल्यावरच बरं, आत्ती."

"ऊठ म्हणते न्हवं."

त्यांनी माझ्या खोळीचे बंद सोडून पुन्हा बांधले. घट्ट. एकावर एक दोन गाठी मारलेल्या मला जाणवल्या. मग मला दारापाशी उभी केली आणि त्या खोलीत गेल्या. जरा वेळ लागला. मागून त्या आल्या, मागूनच हात पुढं घालून त्यांनी गाठोडं माझ्या हातावर ठेवलं. कोपर जुळवलं. तळवा वर केला. "पंजाकडं बघ," म्हणाल्या. "दुसरीकडं बघायचं न्हाई."

अक्का पण आली होती. ती माझ्यासमोर, माझ्याकडं तोंड करून उभी राहिली आणि तिनं पदर काढून दोन्ही हातांत पसरून धरला, झोळीसारखा, माझ्या हाताच्या खाली वीतभर.

"हे काय?" मी विचारलं.

"फरशी फुटतीया रोज," आत्ती म्हणाल्या. "दवाखान्याची लोकं बोल लावाय लागलीत. थोरली उलटी चालंल तुझ्या पुढं. पडला तर पदरात पडंल."

मला इतका राग आला. माझं पडणं आता पदरात झेलायला ही बया आली. बाळी खोलीत झोळीत झोपली असेल, तिला एकटी टाकून माझी फजिती बघायला आली. पण रागानं एक झालं, तड्यांची भीती जरा मागं पडली. मी चालायला लागले.

"एक," आत्ती मोजू लागल्या. त्या माझ्या मागं होत्या. "दोन. तीन."

अक्का उलटी पावलं टाकत होती. तिची जोडवी फरशीवर घासत होती. मी पंजाकडं बघत होते. बोटं मिटलेली. अंगठा बाहेर. गाठोडं नेहमीसारखंच जड होतं. हाताला नेहमीसारखंच काही कळत नव्हतं.

"सात. आठ."

पहिला तडा गेला. दुसरा गेला.

"दहा. अकरा."

बाराव्या पावलाला वरवंट्याला उचकी लागली.

मला आधी कळलंच नाही. आवाज झाला, एवढं ऐकलं. मग कुंची हलली. पुन्हा उचकी. मी नजर पंजावरून काढली, जी काढायची नाही असं बाईंनी तेरा दिवस बजावलं होतं, आणि कुंचीत बघितलं. बाळीचे ओठ होते. तिची जिवणी होती. दूध प्याल्यावर राहतो तसा वरच्या ओठावर पांढरा थेंब होता.

माझ्या हातावर ती बारा पावलं होती आणि माझ्या हाताला माहीत नव्हतं.

"आत्ती," मी म्हणाले. "आत्ती, ही..."

"व्हय. थांबू नको. थांबलीस की सुटतो हात तुझा."

"घ्या हिला! आत्ती, घ्या, पाया पडते, कुणीतरी घ्या!"

"कुणी घ्यायचं न्हाई. तेरा. टाक पाऊल."

मी उजवा हात ओढला. सगळं अंग त्या हातात गोळा झालं होतं. खोळ ताणली, बंद कमरेत रुतले, पण गाठी सुटेनात. ओढण्याच्या झटक्यानं मी हलले आणि गाठोडं माझ्या पंजाकडं सरकलं. मी तिकडं बघितलं. अंगठा आत चालला होता. सावकाश, नेहमी जायचा तसाच. मला तो दिसत होता आणि थांबवता येत नव्हता. मी त्याला हुकूम देत होते आणि तो दुसऱ्याच कुणाचा असल्यासारखा वळत होता. वाकळांच्या ढिगावर पडलेली, न रडता बघणारी बाळी मला दिसत होती, आणि इथं वाकळा नव्हत्या.

इथं पदर होता.

मी वर बघितलं. अक्काचा चेहरा माझ्यापासून हातभरावर होता. तिच्या वरच्या ओठावर घाम डवरला होता. ती बाळीकडं बघत नव्हती. माझ्या अंगठ्याकडं बघत होती. तेरा दिवस दारात उभं राहून तिनं सगळं बघितलं होतं. अंगठा आत गेला की पुढं काय होतं ते तिला माझ्याइतकंच ठाऊक होतं. अजून दोन पावलं. मग बाळी घरंगळणार, अलगद पदरात पडणार, तिला काही लागणार नाही. उद्या भावोजी येणार आणि तेच पदरातलं ओटीत जाणार. अक्कानं काहीच करायचं नव्हतं. नुसतं गप्प उभं राहायचं होतं.

तिचे ओठ हलले. आवाज आला नाही.

"अंगठा," ती म्हणाली. "शालन, अंगठा बाहेर."

मी तिच्याकडं बघत राहिले.

"माझ्याकडं काय बघतीस? पंजाकडं बघ! अंगठा बाहेर काढ. काढ, काढ. आणिक. कोपर आवळ. हां. अंगठा बाहेर!"

अंगठा निघाला. कसा निघाला ते मला आजही सांगता येणार नाही. आधी थरथरला, मग केसभर सरकला, मग तळवा उताणा झाला आणि बाळी परत माझ्या कोपराच्या खोबणीत आली.

"आता पाय," अक्का म्हणाली. "चौदा. माझ्याबरोबर ये. पंधरा."

आत्तींनी मोजणं सोडलं होतं. अक्का मोजत होती. ती मागं जात होती, मी पुढं येत होते, मधे पदर ताणलेला. दर पावलाला ती म्हणायची, "अंगठा." सतराव्याला मला हुंदका आला. ती म्हणाली, "रडायचं नंतर." वीस. एकवीस. बाळीची उचकी चालूच होती. तेवीस. अक्काची पोटरी बाकाला लागली. ती बाजूला झाली, पण पदर तसाच माझ्या हाताखाली धरून.

"पंचवीस. बस. हळू बस."

मी बसले. बाळी माझ्या मांडीवर आली. कुंची डोळ्यांवर आली होती. तिनं मान हलवून ती मागं सारली आणि माझ्याकडं बघायला लागली.

ग्रेटाबाई तेवढ्यात आल्या. लांबून त्यांना वाटलं मी वरवंटा घेऊन पंचवीस पावलं पुरी केली, म्हणून हात वर करून ओरडत आल्या. जवळ आल्या आणि कुंचीत बघितलं. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला.

"कुणी केलं हे? आजी, तुम्ही? वेड लागलंय का तुम्हांला? पडली असती म्हणजे?"

"दगड हातात घेऊन ती कितीबी चालली असती तरी तेराच झालं असतं," आत्ती म्हणाल्या. त्या भिंतीला टेकून खाली बसल्या होत्या. "दगड पडला तर फरशी फुटती, येवढंच. तिच्या हाताला ते ठावं हुतं."

"आणि बाळ पडलं असतं तर?"

"म्हणून तर थोरलीला पुढं घातली."

"तिलाच का? तुम्ही का नाही राहिलात पुढं?"

आत्तींनी ग्रेटाबाईंकडं असं बघितलं, जणू त्यांना साधी गोष्ट कळत नव्हती. "तिच्याइतकं जपून कुणी झेललं असतं?"

ग्रेटाबाई तरातरा डॉक्टरांना बोलवायला गेल्या. डॉक्टर पुढं खूप रागावले. मला नाही, आत्तींनाही नाही, ग्रेटाबाईंनाच, एकटं सोडलं म्हणून; वॉर्डात बोलावलं होतं त्यांनीच, तरी. हे कागदावर घालता येणार नाही, असं त्यांनी सांगितलं. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी समोर उभं राहून वरवंटा देववला. मी सोळा पावलं गेले. त्यांच्या संशोधनात माझ्या नावासमोर सोळाच लिहिलेले आहेत.

पण ते नंतरचं. त्या दुपारी ग्रेटाबाई गेल्यावर व्हरांड्यात आम्हीच उरलो. आत्तींनी डोळे मिटून घेतले होते. त्यांचे ओठ हलत होते, जप करत होत्या की स्वतःशी बोलत होत्या, कोण जाणे.

"थोरले," डोळे न उघडताच त्या म्हणाल्या. "उद्या तुझा नवरा यील. काय सांगायचं त्याला?"

अक्का अजून माझ्या पुढ्यात उभी होती. पदर अजून पसरलेला. ती त्याच्याकडं बघत राहिली. मग तिनं तो गोळा केला आणि खांद्यावर घेतला.

"सांगा, पाळणा उसना आणा म्हणावं," ती म्हणाली. "पोर आईच्या मांडीवर बसूनच नाव घील."

मला तिच्याशी काहीतरी बोलायचं होतं. दोन महिने मी तिला मनातल्या मनात जे जे म्हटलं होतं ते सगळं माझ्या तोंडाशी आलं होतं, आणि त्यातलं एकही बोलण्यासारखं नव्हतं. डावा हात खांद्यापासून दुखायला लागला होता. बाळी हात-पाय झाडत होती.

"अक्का," मी म्हणाले, "जरा घ्या ना हिला. माझा हात दमलाय."

अक्कानं दोन्ही हात पुढं केले. बाळीपर्यंत आणले. मग मागं घेतले आणि काखेत दाबून धरले.

"नको गं," ती म्हणाली. "आत्ता न्हाई. माझंच हात कापाय लागल्यात."